वाचकांचे प्रश्न : कोर्टातलं लग्न आणि कम्युनियनची रांग

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयावर आहेत : कोर्टातल्या लग्नाकडे ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं चर्च, कसं बघते. पहिल्या पत्रालाच जास्त जागा देतो आहे, कारण त्यातला प्रश्न मला माझ्या उमेदीच्या काळापासून सोडत नाही.

आदरणीय फादर, मी कॅथलिक, वय ३६. माझे मिस्टर हिंदू. दोन्ही घरांतून विरोध होता म्हणून सात वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याला रजिस्टर लग्न केलं. ऑफिसातले तीन सहकारी साक्षीदार होते. पुढे घरचे निवळले. मुलीचा बाप्तिस्मा झाला, मिस्टर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) स्वतःहून येतात. पण मी मिस्सेत रांगेने जाऊन घ्यायची पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तशरीर (कम्युनियन), घेत नाही. आई वारल्यानंतरच्या महिन्याच्या मिस्सेला आमचा अख्खा बाक उठला आणि मी पाय आत घेऊन सगळ्यांना वाट करून दिली. मावशी कानात म्हणाली, "ऊठ गं." मी उठले नाही. पुढच्या वर्षी मुलीचं पहिलं कम्युनियन आहे. मिस्टर म्हणतात, "मी एकदा सगळ्यांसमोर शब्द दिलाय. आता पुन्हा लग्न लावायचं, तर मग ही सात वर्षं काय होती?" त्यांना काय सांगू? मी बहिष्कृत आहे का? त्यांना धर्म बदलावा लागेल का? (नालासोपारा)

ताई, आधी सर्वांत महत्त्वाचं सांगतो. तुम्ही बहिष्कृत नाही. तुमचा बाप्तिस्मा कोणी काढून घेतलेला नाही. रविवारची मिस्सा तुमची आहे, प्रार्थना तुमची आहे, मुलीला क्रुसाची खूण करायला शिकवणारा हात तुमचाच आहे. मुलीच्या पहिल्या कम्युनियनलाही तुमच्या लग्नामुळे काही बाधा येत नाही. आईबापाच्या कागदाची शिक्षा ख्रिस्तसभा लेकराला देत नाही.

आता अवघड भाग. ज्याचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभेत झाला, त्याचं लग्न धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावं लागतं, तरच ते ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध. वधूवरांपैकी एकच जण कॅथलिक असला तरी हा नियम लागू. तुमच्या बाबतीत भिन्नधर्मीय विवाहासाठी बिशपांची सूटही लागली असती. या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत, म्हणून तुमचं लग्न देशाच्या कायद्याने पक्कं असलं, तरी धर्मसंहितेच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, नजरेत ते अजून उभं राहिलेलं नाही. ते उभं राहीपर्यंत कम्युनियन घ्यायचं नाही. मावशीच्या सांगण्यावरून तुम्ही उठला नाहीत, हे बरोबर केलंत. त्या बाकावर बसून राहायला काय लागलं असेल, याची मला कल्पना आहे.

हा नियम आला कुठून, तेही ऐका, म्हणजे तो कोरडा वाटणार नाही. लग्न लावतात ते वधूवर स्वतः, त्यांच्या परस्परांच्या संमतीने. फादर त्यात ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षी असतात. ही शिकवण फार जुनी. त्यामुळे सोळाव्या शतकापर्यंत दोघांनी एकांतात दिलेला शब्दसुद्धा वैध लग्न ठरत असे. मग व्हायचं ते व्हायचंच. एखादा पुरुष काही वर्षांनी म्हणायचा, "मी कधी शब्द दिला?" आणि बाईकडे दाखवायला काही नसायचं. तिला ना घर, ना नाव. म्हणून १५६३ साली ट्रेंट इथे भरलेल्या ख्रिस्तसभेच्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं, की धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्याशिवाय लग्न धरायचं नाही आणि प्रत्येक लग्नाची नोंद वहीत ठेवायची. १९०८ च्या ईस्टरपासून तो नियम जवळपास सगळ्या जगाला लागू झाला. फसवल्या गेलेल्या बाईच्या हाती पुरावा असावा म्हणून ती वही आली, हे मी विवाहपूर्व शिबिरात दर वेळी सांगतो.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न : "मग ही सात वर्षं काय होती?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं. माझी गुरुदीक्षा १९८३ ची. त्याच वर्षी नवी धर्मसंहिता लागू झाली आणि तिची कलमं मला तोंडपाठ होती. १९८५ च्या पावसाळ्यात एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी सहायक धर्मगुरू होतो. एक तरुण बाई कार्यालयात आली, कडेवर आठेक महिन्यांचा मुलगा. त्याचा बाप्तिस्मा करायचा होता. मी बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. प्रत्येक नोंदीपुढे समास सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचं लग्न झालं, की कुठल्या चर्चमध्ये, कोणाशी, कोणत्या तारखेला, ते त्या समासात लिहितात. तिच्या नावापुढचा समास कोरा होता. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "तुझं लग्न झालेलंच नाही."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग मुलाच्या पायातून निसटलेला मोजा तिने खाली वाकून उचलला आणि निघून गेली. बाहेर पाऊस होता. मी तिला थांबही म्हटलं नाही.

माझं वाक्य कलमाला धरून होतं, पण माणसाला धरून नव्हतं. खरं म्हणजे ते ख्रिस्तसभेच्या शिकवणीलाही पुरतं धरून नव्हतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबाविषयी जे प्रबोधन पत्र लिहिलं, त्याच्या ८२ व्या परिच्छेदात नेमकी हीच परिस्थिती आहे. तिथे ते म्हणतात, की केवळ नोंदणी विवाह केलेल्या कॅथलिकांना कोणतंही बंधन न मानता एकत्र राहणाऱ्यांच्या पंक्तीत बसवता येत नाही, कारण त्यांनी निदान एक ठरलेली, टिकाऊ बांधिलकी पत्करलेली असते. त्याच परिच्छेदात पुढे, या स्थितीत संस्कार (कम्युनियन, पापनिवेदन वगैरे) देता येत नाहीत, हेही स्पष्ट आहे. दोन्ही वाक्यं एकाच ठिकाणी आहेत. मी दुसरं तेवढं लक्षात ठेवलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या पत्रात त्या बांधिलकीकडे आणखी मायेने बघायला सांगितलं. अशा जोडप्यांना दूर न लोटता बोट धरून पुढे न्यावं, हा त्याचा सूर.

तर मिस्टरांना हे सांगा. ती सात वर्षं खरी होती. एकमेकांच्या आजारपणात काढलेल्या रात्री, मुलीचं पालनपोषण, रागावूनही न सोडलेली सोबत, यातलं काहीही ख्रिस्तसभा खोटं ठरवत नाही. ज्या शब्दावर तुम्ही सात वर्षं उभे आहात, त्याला ख्रिस्तसभेची साक्ष मिळालेली नाही, एवढंच राहिलं आहे.

ती मिळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली नेहमीची. तुम्ही जिथे राहता त्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटायचं. (पुष्कळ जण घाबरून माहेरच्या चर्चकडे धावतात. त्याची गरज नाही.) सोबत गेल्या सहा महिन्यांत काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला आणि लग्नाचं सरकारी प्रमाणपत्र घ्यायचं. फादर बिशपांकडे सूट मागतात. तुम्हाला एक वचन द्यावं लागतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व कॅथलिक संगोपन यासाठी माझ्याकडून होईल तेवढं करीन. हे वचन तुमचं आहे, मिस्टरांचं नव्हे. तुम्ही ते देता आहात, हे त्यांना माहीत असायला हवं, इतकंच. धर्म बदलण्याचा प्रश्नच येत नाही. मग एखाद्या संध्याकाळी वेदीसमोर दोन साक्षीदार, फादर आणि तुम्ही दोघं. मंडप नको, पत्रिका नको, पांढरा गाउन हवा असेल तर घाला, नको असेल तर साडी नेसा. पंधरावीस मिनिटांत विधी होतो. तुमच्या मिस्टरांचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने हे लग्न धर्मशास्त्राच्या भाषेत संस्कार होत नाही, पण पूर्ण वैध आणि देवासमोरचं पवित्र बंधन होतं. त्यानंतर पापनिवेदन करायचं आणि रांगेत उभं राहायचं.

दुसरी वाट फार लोकांना ठाऊक नसते. तुमच्या मिस्टरांसारख्या माणसासाठी ती आहे, ज्याला आपला शब्द पुन्हा उच्चारणं म्हणजे पहिला शब्द खोटा ठरवणं वाटतं. २००४ साली मी त्याच जुन्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून परत गेलो. मधल्या काळात, १९९८ मध्ये, वसईचा वेगळा धर्मप्रांत (बिशपांचं कार्यक्षेत्र) झाला होता, पण वह्या त्याच कपाटात होत्या. पहिल्याच आठवड्यात मी ती वही काढली. पान मला आठवत होतं. समास कोरा नव्हता. माझ्यानंतर आलेल्या कुणा धर्मगुरूने निळ्या शाईत बारीक अक्षरात १९९१ ची एक तारीख लिहिली होती, आणि पुढे तीन लॅटिन शब्द : सानात्सिओ इन रादिचे.

म्हणजे मुळापासून बरं करणं. यात लग्न पुन्हा लावत नाहीत. दोघांची मूळ संमती अजून टिकून आहे, एवढी खात्री झाली, की बिशप त्या लग्नाला वैधता देतात, आणि तिचे परिणाम पहिल्या दिवसापर्यंत मागे पोचतात. नवऱ्याने चर्चमध्ये यावं लागत नाही, शपथ पुन्हा म्हणावी लागत नाही. बाकी वचन, चौकशी, कागद आहेतच, आणि कारणही सबळ लागतं. पण जी संमती ठाण्याच्या त्या टेबलाशी दिली गेली, तीच ख्रिस्तसभा उचलून घेते. तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

त्या बाईला हे कोणीतरी नीट समजावून सांगितलं असणार. मी नव्हे. तिला भेटून क्षमा मागायची होती, पण तिचं कुटुंब तोवर गाव सोडून गेलं होतं.

मुलीच्या पहिल्या कम्युनियनला अजून वर्ष आहे. भरपूर वेळ आहे. या रविवारची मिस्सा झाली की कार्यालयात जा.

फादर, मुलगा जर्मनीत नोकरीला. मुलगी आपल्याच गावची, दोघं कॅथलिक. तिच्या व्हिसासाठी ऑगस्टमध्ये कोर्ट मॅरेज उरकतोय, चर्चचं लग्न जानेवारीत. मधल्या काळात ती सुट्टीत मुलाकडे जाऊन राहिली तर चालेल का? सरकारदरबारी तर नवराबायको झालेच आहेत. (आगाशी)

काका, चालणार नाही. दोघं कॅथलिक आहेत, त्यांचं लग्न जानेवारीतच होणार आहे. ऑगस्टमधली सही हा व्हिसासाठीचा कागद, असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. मग त्या सहीला संसाराची सुरुवात कशी मानायची? आणि सही करण्याआधी फादरांच्या कानावर घाला. जानेवारीत फॉर्म भरताना "आम्ही आधीच रजिस्टर आहोत" हे कळलं, की सगळ्यांचीच धावपळ होते.

पण तुमच्या पत्रातला एक समज मला खोडायचा आहे. आपल्याकडे चर्चमधलं लग्न कायद्याला धरूनच असतं, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार. जर्मनीत वेगळी पद्धत पडली. तिथे १८७६ पासून आधी सरकारी कचेरीत लग्न, मगच चर्चमध्ये, अशी सक्ती होती आणि ती थेट २००९ मध्ये उठली. आपल्या मुलांना तिथलं ऐकून वाटतं, की चर्चचा दाखला म्हणजे नुसता धार्मिक कागद. तसं नाही. व्हिसासाठी घाई असेल तर चर्चचंच लग्न ऑगस्टमध्ये साधेपणाने लावता येतं, घरची वीस माणसं बोलावून. वकिलातीला नेमका कोणता दाखला लागतो, ते आधी विचारून घ्या. आणि गावजेवण, बँड, ओवाळणी, सगळं जानेवारीत करा. मी अशी लग्नं लावली आहेत. जानेवारीत ती दोघं कृतज्ञतेच्या मिस्सेला वेदीसमोर येतात आणि कोणालाच काही कमी वाटत नाही.

माझं पहिलं लग्न फक्त कोर्टात झालं होतं, मुलगीही कॅथलिक होती. आमचं पटलं नाही. आता चर्चमध्ये लग्न करायचं आहे. कोर्टातलं लग्न चर्च मानत नाही, म्हणजे मी मोकळाच ना? (मुंबई)

तुमच्या पत्रात त्या मुलीविषयी एकच वाक्य आहे, आणि मूल आहे की नाही याचा उल्लेखच नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

धर्मसंहितेप्रमाणे ते लग्न आवश्यक विधीअभावी अवैध होतं. हे सिद्ध करायला लांबलचक खटला लागत नाही. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, सरकारी प्रमाणपत्र आणि चर्चमध्ये नंतरही काही झालं नाही याची खातरजमा, एवढं साधारण लागतं. पण मोकळं आहोत हे तुमचं तुम्ही ठरवायचं नसतं. ते धर्मप्रांताच्या कार्यालयातून लेखी यावं लागतं.

त्याआधी देशाच्या कायद्याने घटस्फोट झालेला हवा. चर्चचा कुठलाही निर्णय सरकारी लग्न मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. घटस्फोट न घेता चर्चमध्ये उभे राहिलात, तर तो द्विभार्येचा गुन्हा होईल आणि नव्या मुलीचं आयुष्य त्यात अडकेल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. धर्मसंहितेच्या १०७१ व्या कलमात लिहिलं आहे, की आधीच्या संबंधातून जोडीदाराविषयी किंवा मुलांविषयी नैसर्गिक जबाबदारी असलेल्या माणसाचं लग्न धर्मगुरूने बिशपांच्या परवानगीशिवाय लावू नये. अवैध म्हटलेल्या लग्नातूनही देणं उरतं, हे ख्रिस्तसभा जाणते. तेव्हा फादरांकडे जाल तेव्हा ते विचारतील : तिच्या पोटगीचं काय? मूल असेल तर शाळेची फी कोण भरतं, त्याला शेवटचं कधी भेटलात? याची उत्तरं तयार ठेवा.

मी आणि माझी पत्नी दोघंही हिंदू. आमचं लग्न १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं आहे. पत्नी आता बाप्तिस्मा घेण्याच्या विचारात आहे. मला तिची अडचण करायची नाही. आमचं लग्न तुमच्या चर्चमध्ये पुन्हा लावावं लागेल का? (पुणे)

नाही. धर्मगुरू आणि साक्षीदारांचा तो नियम फक्त कॅथलिकांना बांधील आहे. तुम्ही दोघं लग्नाच्या दिवशी कॅथलिक नव्हता, म्हणून तुमचं नोंदणी लग्न ख्रिस्तसभा वैधच धरते. नगर जिल्ह्यात मला प्रोटेस्टंट जोडपी भेटत, त्यांनाही हे सांगितलं की आश्चर्य वाटायचं. पत्नीच्या बाप्तिस्म्यानंतरही ते लग्न तसंच वैध राहतं. काही नव्याने करायचं नाही. पुढे कधी तुम्हीही स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतलात, तर त्या क्षणापासून तेच लग्न संस्कार होतं, वेगळा विधी न करता.

पत्नीच्या तयारीच्या वर्गांना तुम्ही सोबत येऊन बसलात तर चालतं. फादरांना आधी एक फोन करा आणि येताना लग्नाच्या प्रमाणपत्राची एक प्रत आणा. बाप्तिस्म्याची नोंद होईल तेव्हा तिच्या नावापुढच्या समासात तुमचं नाव आणि तुमच्या लग्नाची खरी तारीख लिहून घ्यायला सांगा.